टेबल कुणी धरलंय?

डेटाबेसवाले जमले की भुताच्या गोष्टींसारखे किस्से निघतात. फरक एवढाच, की आमच्याकडे प्रत्येकाला दुसराच भूत वाटतो! मी लवळ्याच्या एका कॉलेजात हॉस्टेलचं सॉफ्टवेअर सांभाळतो, त्यामुळे माझ्याकडे तर साठाच आहे.

आमच्या सिस्टिमला एक खोड आहे. कुणी खोलीची नोंद बदलायला उघडली आणि सेव्ह न करता तशीच ठेवली, की ती लॉक. बाकीचे बसले गोल फिरणारं चक्र बघत!

*

पहिल्या सापडल्या संगीताताई. आमच्या क्लार्क, गावातल्याच.

"ताई, ही खोली सकाळपासून उघडी का?"

"धरून ठिवलीय की! दुसरं कुणी घुसलं मंजी?"

एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात, तसं! समजावल्यावर त्यांनी ते सोडलं. पण नाव खराब झालं ते झालंच.

*

मेसचे पवार भारी सावध. चहाला उठताना स्वतःच्या स्क्रीनचा फोटो काढायचे. "उद्या माझ्यावर शेकायला नको!"

फोटो काढला की निवांत. नोंद मात्र तशीच उघडी!

*

मग ॲडमिशन सुरू झाल्या आणि अख्खं टेबलच, म्हणजे सगळ्या खोल्यांची यादीच, लॉक व्हायला लागली. एकही खोली देता येईना. बाहेर पालक तापलेले, आत डायरेक्टर सर.

"ही संगीताचीच करामत! शनिवारी मीटिंगमध्ये सिद्ध करतो आणि घरी पाठवतो."

ताईंची जमीन बिल्डरला कधीच गेलेली, घर याच पगारावर. त्यांनी मला गाठलं. "दादा, आईशपथ, मी न्हाई वो!"

खरं सांगतो, संशय मलाही होता. म्हणून आधी त्यांचंच मशीन तपासलं. साफ! लॉक धरणाऱ्या कनेक्शनला नावच नव्हतं. आता मात्र मला पवारांपासून वॉचमनपर्यंत सगळेच चोर दिसायला लागले.

शनिवारी सरांनी स्वतःचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. पडद्यावर अख्खं टेबल!

"ॲडमिशन सुरू झाल्यापासून मी आल्याआल्या हे उघडून बसतो. दिवसभर नजर! माझं नाव कुठं दिसू नये, अशी सोयसुद्धा सॉफ्टवेअर कंपनीकडून परस्पर करून घेतलीय."

मी घाबरतच विचारलं, "सर, नुसतं बघायला उघडता, की बदलायला?"

"बदलायलाच! क्लार्कला अधिकार आणि मला नाही?"

मी माझा लॅपटॉप उघडला. गुपचूप ते बिननावी कनेक्शन तोडलं. पडदा पांढराफटक!

सर ताडकन उठले. "बघितलंत? आता माझंच बंद पाडलं! कोण आहे तो?"

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरून संगीताताई ओरडल्या, "सर, माजं चालू झालं बगा!"