शहाऐंशी जणांचा एक कोट

प्रमोदिनी सबनीसला शिसारी फार लवकर येई. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी नको, हॉटेलातली चटणी नको, टॅक्सीत बसायचं तर आधी सीटवर रुमाल. शारजात रोला भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांतून डेटॉलचा वास थेट लिफ्टपर्यंत येई. नवरा मधू म्हणायचा, आमच्याकडे आलेला पाहुणा आजारी पडणार नाही, पण पुन्हा येणारही नाही. ती दुबईत करामा भागातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसायची आणि दिवसभर लोकांची खोकलणारी तोंडं बघून घरी आली की कोपरापर्यंत हात धुवायची. अशा बाईने एकोणीसशे नव्व्याण्णव सालचे मे आणि जून महिन्यांतले सुट्टीचे सगळे शुक्रवार लेबर कॅम्पात घालवले, आणि तेही अशा माणसासाठी, की त्याचं नाव घेताना आजही तोंडाची चव जाते.

त्याचं नाव चंद्रहास. अमिरातीतल्या मराठी माणसांचं जे सागरतीर मंडळ होतं, त्याच्या अध्यक्षपदासाठी तो उभा होता. दुबई, शारजा आणि अबुधाबी अशा मंडळाच्या तीन शाखा. जूनमध्ये प्रत्येक शाखेने आपापला एक उमेदवार निवडायचा आणि त्या तिघांतून एक अध्यक्ष, अशी रीत. शारजातून दर खेपेला एकच शेठ निवडून येत. त्यांच्या ट्रेडिंग कंपनीचं नाव मंडळाच्या पत्रिकेवर गणपतीपेक्षा मोठ्या अक्षरात छापलेलं असे. त्यांच्यासमोर चंद्रहास म्हणजे कोण? औद्योगिक वसाहतीत काचा कापायचा एक लहानसा कारखाना चालवणारा, चार माणसांत बोलायला उठला की कानापर्यंत लाल होणारा गृहस्थ.

प्रमोदिनीने त्याला एकदा सहलीत पाहिलं होतं. सगळे पुलावावर तुटून पडले असताना हा एक ताट भरून बाहेर बसच्या ड्रायव्हरला देऊन आला होता. तेवढ्यावर तिने त्याला ओळखलं, किंवा आपण ओळखलं असं तिला वाटलं.

पण तिच्या मनाला टोचणी होती ती वेगळीच. आदल्या वर्षीच्या गणपतीला दुबईत ऊद मेथा भागातल्या हॉलच्या दारात अत्तर लावायला तिला उभं केलं होतं. एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात नारळ, केस पाणी लावून बसवलेले. दत्ताराम त्याचं नाव, रत्नागिरीकडचा, इमारतीच्या कामावर सळ्या बांधणारा. गावी त्याला बायको आणि दोन मुली होत्या, पण त्या इथे नाहीत म्हणून मंडळाच्या भाषेत तो बॅचलर. आणि कार्यक्रम फॅमिलीसाठी. त्याला तसं सांगायचं काम दारातल्या बाईचं होतं. प्रमोदिनीने ते केलं. तो परत फिरला, नारळ तेवढा आत गणपतीपुढे ठेवायला तिच्या हातात देऊन गेला. गर्दीत तो नारळ टेबलाखालीच राहिला आणि दोन दिवसांनी हॉल झाडणाऱ्याला सापडला.

म्हणून चंद्रहास जेव्हा म्हणाला की निवडून आलो तर बॅचलरांना पूर्ण सभासद करणार, मतासकट आणि पुढच्या दारातून प्रवेशासकट, तेव्हा ती लगेच त्याच्या बाजूने उभी राहिली. मैत्रीण स्मिता आणि आणखी दोघं तिच्या जोडीला होती. दवाखान्यात सुट्टी झाल्यावर पत्रकांच्या झेरॉक्स काढायच्या आणि इमारतींच्या बेल वाजवत हिंडायचं. कोण चंद्रहास, असं प्रत्येक दारात विचारायचे. काच कापणारा, म्हटलं की माणसं आपल्या बाल्कनीच्या दाराची मापं सांगू लागत. एकीने तर दोघींना चहा पाजून, सगळं ऐकून घेऊन, शेवटी शेठच्या प्रचाराला आलात ना, असं विचारलं. लोकल फोन फुकट होते, म्हणून रोज संध्याकाळी प्रमोदिनी डायरी उघडून बसे आणि अनोळखी बायकांना त्यांच्या नवऱ्यांची मतं मागे. बायकांकडे मागून उपयोग नव्हता, कारण एका कुटुंबाला एकच मत आणि ते व्हिसा ज्याच्या नावावर त्याचं. प्रमोदिनीलाही मत नव्हतं. ते मधूला होतं, आणि मधू यात पडायला तयार नव्हता.

मंडळाच्या घटनेत एक कलम होतं, की पन्नासहून अधिक नवे अर्ज एकदम आले तर विषय सभेपुढे घ्यावाच लागतो. चंद्रहासनेच ते शोधून काढलं. अर्ज आणायचे कॅम्पातून, आणि प्रत्येक अर्जाला फोटो हवा.

कॅम्पाच्या पहिल्या फेरीत तिला उलटी येता येता राहिली. एका खोलीत बाराजण, दोरीवर ओले कपडे, सामायिक मोरीतून येणारा वास. ती नाकाला रुमाल लावून उभी होती आणि दत्तारामने तिला ओळखलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिने रुमाल खाली घेतला आणि त्याला सांगितलं, "पुढच्या वर्षी तुम्ही पुढच्या दाराने याल. मी शब्द देते."

दत्ताराम मान हलवून हो म्हणाला.

फोटोसाठी जवळच युसुफभाईचा स्टुडिओ होता. हैदराबादचा म्हातारा, गोड बोलणारा. चार कॉपीचे पंधरा दिरहम. "पंधरा दिरहम, म्हणजे पावणेदोनशे रुपये," असा हिशेब रांगेतल्या प्रत्येकाने मोठ्याने केला आणि तरीही फोटो काढले. स्टुडिओत खिळ्याला एक निळा कोट टांगलेला असे, गिऱ्हाइकांसाठी. ज्याला त्याला तो हवा. एकाला बाह्या बोटांवर येत, दुसऱ्याला पोटावर बटण लागत नसे, पण कोट पाहिजेच. कॉलरवर किती वर्षांचं तेल आणि घाम साचला होता कोण जाणे. प्रमोदिनीने तो दोन बोटांत धरला, एकदा युसुफभाईकडे पाहिलं आणि पिशवीत घालून घरी आणला.

मुलगी स्वानंदी टबाजवळ उभी राहून म्हणाली, "मम्मा, दॅट इज सो डिस्गस्टिंग. व्हाय कान्ट दे बाय देअर ओन?"

प्रमोदिनीने नळ सोडला. तिने कॉलर तीनदा घासली आणि कोट दोरीवर टाकला. त्यानंतर दर गुरुवारी कोट तिच्याकडे येई आणि शुक्रवारी धुतलेला परत जाई. जून अर्धा होईतो शहाऐंशी अर्ज जमले.

अर्ज उघडले ते सेक्रेटरींच्या ऑफिसात. शेठ होते, समितीचे चौघे होते, चंद्रहास होता. प्रमोदिनी गठ्ठा घेऊन गेली होती म्हणून तिलाही खुर्ची मिळाली. सेक्रेटरींनी फोटो चिकटवलेले अर्ज पत्त्यांसारखे टेबलावर मांडले. निळा कोट, निळा कोट, निळा कोट. मग शेठ चष्मा पुसत म्हणाले, "चंद्रहास, हे अर्ज आहेत का बँडवाल्यांची ऑर्डर?"

सगळे खो खो हसले. प्रमोदिनीने चंद्रहासकडे पाहिलं. तोही हसत होता. भिडेखातर हसणं निराळं, ते ओळखू येतं. हा माणूस मनापासून, खांदे हलवून हसत होता, आणि हसताना शेठकडे बघत होता की त्यांनी आपलं हसणं पाहिलं की नाही. कॅम्पातली मोरी आठवूनही जे झालं नव्हतं ते तिला त्या एसी खोलीत झालं. ती बाथरूममध्ये जाऊन बेसिनवर वाकून उभी राहिली.

दोन दिवसांनी चंद्रहासने माघार घेतली. मंडळाच्या एकीसाठी, असं पत्रक निघालं, आणि त्याच पत्रकात खालच्या अंगाला त्याला उपाध्यक्ष केल्याची ओळ होती. प्रमोदिनीने फोन लावला. चार माणसांत न बोलणारा आता घडाघडा बोलत होता. "वहिनी, जरा प्रॅक्टिकल व्हा," तो म्हणाला. "सिस्टिममध्ये राहूनच काम होतं. अर्ज प्रोसेसमध्ये आहेत, इन्शाल्ला होऊन जाईल."

यानंतर तिने कॅम्पात जाऊन खरं काय ते सांगायला हवं होतं. ती गेली नाही. कधी दवाखान्यात गर्दी, कधी स्वानंदीची परीक्षा, कधी ऊन, असे बहाणे तिने स्वतःलाच ऐकवले. ऑगस्टच्या अखेरीस चंद्रहासचाच फोन आला, की वहिनी, तुमच्या माणसांना गणपतीला एन्ट्री दिलीय, फोटोचे पास बनवलेत, आता खूष ना. तिने सुटकेचा श्वास सोडला. मत नाही तर नाही, निदान शब्द तरी राहिला. आणि हा निर्लज्जपणे टाकलेला तुकडा आपण झेलला, हे तिला तेव्हा समजलंही नाही.

गणपतीच्या शुक्रवारी ती जरीची साडी नेसून, मधू आणि स्वानंदीला घेऊन दहा वाजता हॉलवर पोचली. दारात अत्तर होतं, गुलाबपाणी होतं. आत सगळ्या खुर्च्यांवर फॅमिली. तिने पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत माणसं पाहिली. दत्ताराम नव्हता. एकही ओळखीचा चेहरा नव्हता.

शोधत शोधत ती मागे गेली, तर ते तिथे होते. स्वयंपाकाच्या बाजूच्या बोळात पहाटे सहापासून खुर्च्या उतरवत होते, पातेली ओढत होते, शेठच्या कंपनीची कापडी पाटी बांधत होते. अर्जावरची वयं बघून चाळिशीच्या आतले तीसजण निवडले होते. प्रत्येकाच्या छातीवर पास होता. पासावर निळ्या कोटातला फोटो, अर्जावरून सोलून काढलेला, आणि खाली छापलेलं: कार्यकर्ता, प्रवेश मागील दाराने.

दत्ताराम खुर्च्यांची चळत घेऊन येत होता. तिला पाहून त्याने चळत खाली ठेवली आणि हात पुसले.

"आलात ताई? तुमच्यामुळे आत आलो."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिने सगळं सांगितलं. ते अर्ज सभेपुढे गेलेच नाहीत, चंद्रहास विकला गेला, हे पास सभासदाचे नाहीत, हमालाचे आहेत, आणि चंद्रहास फिरल्याचं मला तीन महिने ठाऊक होतं, मी तोंड लपवून बसले. एका दमात बोलली.

दत्तारामने छातीवरचा पास सरळ केला.

"ठाऊक होतं ताई," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. इथे आम्हाला कोण मत देतो? पण तुम्ही एवढ्या उन्हातून यायच्यात. कोट धुऊन आणायच्यात. तुम्हाला नाही कसं म्हणायचं? मीच खोलीखोलीत सांगितलं, फोटो काढा रे, ताईंना वाईट वाटेल."

शहाऐंशी माणसांनी तिच्या समाधानासाठी रांग लावली होती. ती त्यांना वर काढायला गेली होती, आणि ते तिला सांभाळून घेत होते. तिला चंद्रहासची किळस होती, शेठची होती, त्या पासांची होती. ती सगळी एका क्षणात मागे फिरली आणि तिच्याच अंगावर आली. जरीच्या साडीची किळस आली. बाहेर दारात मनगटाला लावून घेतलेल्या अत्तराची आली.

आत माइकवर चंद्रहास बोलत होता. आता त्याची जीभ कुठेच अडखळत नव्हती. आपल्या भगिनी प्रमोदिनीताई सबनीस यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात येत आहे, त्यांनी मंचावर यावं. स्वानंदी धावत बोळात आली. "मम्मा, दे आर कॉलिंग यू. कम ना."

प्रमोदिनी वाकली आणि तिने खुर्च्यांच्या चळतीला हात घातला. दत्तारामने ती तिच्या हातून अलगद काढून घेतली.

"राहू द्या ताई," तो म्हणाला. "साडी खराब होईल."

चळत उचलून तो निघून गेला. माइकवरून तिचं नाव दुसऱ्यांदा आलं, मग तिसऱ्यांदा. तिने पदराने मनगट घासलं, पुन्हा घासलं. अत्तराचा वास काही जाईना.