खड्ड्यातलं अळू

जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या ज्या संस्थेत मी काम करते, तिथं जेवणाच्या टेबलावर आम्ही ज्यांचे नकाशे करतो त्या बेटांचा विषय निघाला की लोक उसासे टाकतात. पॅसिफिक, निळं पाणी, माडांची रांग. मला त्या उसाशांचा राग येतो. मी ती बेटं रोज उपग्रहाच्या चित्रांत वरून बघते. कुणीतरी भाकरी मधून खाऊन नुसती कड टाकून द्यावी, तशी ती समुद्रात पडली आहेत. मधे उथळ पाणी, भोवती वाळूच्या तुटक पट्ट्या, काही इतक्या अरुंद की इकडच्या किनाऱ्यावरून मारलेली हाक तिकडच्या किनाऱ्यावर ऐकू जावी. डोंगर नाही, नदी नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर त्याचा पातळ थर तरंगत राहतो. उपसा जास्त झाला की विहीर खारट. बहुतेक बेटांवर माणूस नाहीच. जिथं आहे तिथं पावसाचं पाणी साठवायला टाक्या बसवायच्या होत्या, आणि त्या कुठं बसवायच्या ते आमच्या नकाशावरून ठरणार होतं. वस्तीचं टिंब असेल तिथं टाकी, नसेल तिथं काही नाही.

आमच्या गटाचा प्रमुख पुण्याचा. परमुलखात आपला माणूस भेटला म्हणून आधी मीही हरखले होते. त्याच्या घरी गणपतीला गेले, अळूचं फदफदं दोनदा वाढून घेतलं. मी बौद्ध असून येते याचं त्याला भारी कौतुक, आणि ते तो चारचौघांत बोलून दाखवायचा. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

पश्चिम टोकाच्या बेटावर मला छपरं दिसली. थोडीच, माडांखाली दडलेली. मी टिंब दिलं, त्याने काढलं. इतकी कमी छपरं वस्तीत धरायची नाहीत हा नियम त्यानेच केलेला. माणसं खोबरं वाळवायला हंगामापुरती येतात आणि परत जातात, असं त्याचं म्हणणं. मी पुन्हा टिंब दिलं, त्याने पुन्हा काढलं. शेवटी माझ्या टेबलाशी येऊन, सवयीप्रमाणे मधे जर्मन पेरत म्हणाला, "अगं, चार झोपड्यांसाठी किती ताणशील? आल्झो, वस्ती म्हणजे निदान स्कूल, चर्च, काहीतरी पाहिजे ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अकोल्याकडची. आमच्या शाळेच्या भिंतीवर गावाचा नकाशा रंगवलेला होता. त्यात मारुतीचं देऊळ होतं, चावडी होती, पिंपळाचा पारसुद्धा होता, आणि नाल्याशी तो संपत होता. आमची घरं नाल्यापलीकडे. मी गुरुजींना विचारलं, आपली घरं कुठं आहेत. ते म्हणाले, भिंत संपली.

मग मी हट्टालाच पेटले. त्या बेटाची जुनी-नवी चित्रं एकावर एक ठेवून बघत बसले. बेट जिथं सगळ्यांत रुंद, तिथं मधोमध गर्द हिरवे चौकोन होते, आणि ते दर वर्षी तसेच होते. त्या भागातले लोक वाळूत गोडं पाणी लागेपर्यंत खड्डा खणतात आणि त्यात मोठ्या पानांचं अळू लावतात. त्याचा कंद भरायला वर्षं जातात, सतत पालापाचोळा घालत राहावं लागतं. आम्ही अळूला धोपा म्हणतो. मोरीचं पाणी जिथं जायचं तिथं माझ्या आईने तो लावला होता. घराला कुलूप लागलं की आधी धोपा जळतो. चार दिवसांसाठी आलेला माणूस तो लावतच नाही.

बैठकीत आमच्या जर्मन प्राध्यापिकेने विचारलं, पश्चिमेचं बेट रिकामं आहे का. तो म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर, रिकामं. मी ते चौकोन पडद्यावर लावले आणि अळूचं सांगितलं. बाईंनी चौकोन मोठे करून बघितले, मग टिंब द्यायला सांगून पुढच्या बेटाकडे वळल्या. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, त्याचं तोंड पडलेलं बघून जास्तच झाला.

संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर तो शेजारी येऊन उभा राहिला.

"आधी मला सांगायचंस ना. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझा पोपट केलास," तो म्हणाला. "तुमचं ना नेहमी हेच. कुठंही गेलात तरी सगळं पर्सनल घेता."

तुमचं म्हणजे कुणाचं, हे मी विचारलं नाही. त्याला शाळेच्या भिंतीचं सांगितलं. तो हसला.

"अगं, ते पेंटिंग होतं. त्याने कुणाचं काय अडलं? पाण्याचंच म्हणशील तर नळ आलाच असेल की तुमच्या गावात."

"आला ना," मी म्हणाले. "नाल्यापर्यंत."

ट्राम आली. तो चढला. मी मागच्या ट्रामने गेले.