बाईच्या डोक्यामागचा मामा

बाईला दोन चेहरे होते. एक पुढचा, सावळा, हसताना डावा डोळा बारीक होणारा. दुसरा डोक्याच्या मागच्या बाजूला, रबरी, झुपकेदार मिशांचा. आमच्याकडे मोहफुलं वेचायला जाणाऱ्यांना वनखात्याची माणसं असे मुखवटे वाटून जात. वाकलेल्या माणसावर वाघ मागून येतो, पण मागेही डोळे दिसले तर थबकतो, म्हणून. गावातल्या बायकांनी ते चार दिवस घातले आणि घाम येतो म्हणून पोरांना खेळायला देऊन टाकले. माझ्या मोठ्या बहिणीनं, म्हणजे बाईनं, मात्र आपला मुखवटा सोडला नाही. चूल पेटवताना, अंगण सारवताना, विहिरीवरून येताना तो मिशीवाला मागे बघत असायचा. त्याला आम्ही मामा म्हणायचो.

शेजारची काकू एकदा म्हणाली, “काऊन व, घरातही वाघ येते का तुह्या?”

“येते ना काकू,” बाई म्हणाली. “फ्रॉक घालून येते.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण बाई खरं तेच सांगत होती. मामा जंगलातल्या वाघासाठी नव्हता, माझ्यासाठी होता. तिची पाठ दिसली की माझ्या मानेवरचे केस उभे राहत आणि पाय आपोआप दबकत पडू लागत.

बाबांच्या घराण्यातल्या मुलींना ‘ते’ असतं. आजी सांगायची, की तिच्या सासूची सासू मोहफुलं वेचताना वाघिणीच्या गुहेत बाळंत झाली. थंडीनं निळ्या पडलेल्या तिच्या मुलीला वाघिणीनं चाटून ऊब दिली. ती मुलगी जगली, पण चाटलेलं उतरलं नाही, पुढं घराण्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलीत ते येत राहिलं. वयात येताना हिरड्या शिवशिवतात, नखं काळी पडतात, दोन घरं पलीकडे कुणाचं बोट कापलं तरी वास येतो. आणि मग कुणालातरी फाडावंसं वाटतं, बहुतेक वेळा जवळच्याच माणसाला. बाबांची धाकटी बहीण विसाव्या वर्षी जंगलात गेली ती परतलीच नाही. गाव म्हणालं, वाघानं नेली. आमच्या घरात ‘नेली’ असं कोणी म्हणत नसे. ‘गेली’ म्हणत, स्वतःच्या पायानं.

माझं ‘ते’ पहिल्यांदा उठलं तेव्हा मी सातवीत होते. वर्गातली एक मुलगी माझ्या उसवलेल्या बाहीला हसली आणि मी तिच्या खांद्याला चावले. चांगलंच चावले. गुरुजींनी घरी पाठवलं. आई रडत होती, बाबा बाहेर जाऊन बसले होते. बाईनं मला मागच्या परसात नेलं आणि एकच विचारलं.

“गोड लागलं का?”

मी ओठांवरून जीभ फिरवली. मग हो म्हणाले.

“खरं सांगतलं न तू. आता जमते,” ती म्हणाली. तिनं माझ्या तोंडावरचं रक्त पदरानं पुसलं आणि दुसऱ्या दिवशी मला त्या मुलीच्या घरी नेलं. त्यांच्या भाताच्या बांधीत रोपांची रोवणी चालू होती. बाईनं मला दिवसभर तिथं चिखलात वाकवलं. संध्याकाळी त्या मुलीच्या आईनं मला आंबील दिली. पिताना लाजेनं माझी मान वर होत नव्हती. परत येताना बाई म्हणाली, “ज्याच्या घरची आंबील पेली, त्याले चावता येत नाई. पाहजो तू.” तिचं खरं निघालं. म्हणून मग तिनं मला गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरी काहीतरी प्यायला लावलं.

दुसरा उपाय पळसाच्या मुळांचा. पळसाची मुळं खणून, ठेचून त्यांचा वाख काढतात आणि दोर वळतात. बाबा दगडानं ठेचत. आमच्या वाटणीची मुळं बाई मला चावायला देई. “दाताले काम दे, नाईतर दात काम शोधते,” हे तिचं नेहमीचं वाक्य. मी चावून मऊ करायची, ती मांडीवर वळायची. आमच्या बैलांच्या गळ्यात, विहिरीच्या बादलीला, माझ्या दप्तरालाही माझ्याच रागाचा दोर होता. असला घट्ट दोर गावात कुणाचा नाही, असं लोक म्हणत.

बाईचं स्वतःचं काय, असं मी एकदा विचारलं होतं. ती तेव्हा वीस वर्षांची होती.

“माह्यं उतरलं,” ती सहज म्हणाली. “तुह्यंही उतरते. जराशी दमानं घे.”

त्या एका वाक्यावर मी पुढची पाच वर्षं काढली. बाईचं उतरलं, म्हणजे माझंही उतरणार. शेळी व्यायली की बाई गोठ्याकडे फिरकत नसे. मला वाटे, तिला किळस येते. सोयरिकी आल्या की “मले दुसऱ्या गावचं पाणी मानवत नाई” म्हणून ती उठून जायची. मला वाटे, तिला घर सोडवत नाही. मी अभ्यासाला बसले की ती माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायची. “मी अडाणी, पण मामा शिकेल आहे. तो पाहून राह्यला तुह्यं गणित.” मिशीवाल्याच्या नजरेखाली मी दहावी झाले, बारावी झाले.

चंद्रपूरच्या कॉलेजात नंबर लागला आणि मी हटून बसले. वसतिगृहात एका खोलीत चार मुली. झोपेत उठलं तर? तिथं ना मामा, ना बाई. मी जाणार नाही म्हणून सांगून टाकलं.

बाई कधी नव्हे ती चिडली. “आत्या गेली, तिले वाट एकच होती. तुले दुसरी भेटली तं बसून राह्यते का? तिथल्या पोरींचं पाणी पे, डब्यातलं खा. मुळं मी पाठवतो. माह्यं उतरलं न? मंग!”

निघायच्या सकाळी बाई मला बसपर्यंत सोडायला आली. डांबरी रस्त्यापर्यंत जंगलातून तासाभराची वाट होती. त्याच आठवड्यात त्या वाटेवर वाघानं एक गोऱ्हा मारला होता. एरवी पुढे बाई, मागे मी, असं आम्ही चालायचो. त्या दिवशी तिनं मामा सोडला आणि माझ्या डोक्यामागे बांधला.

“आज तू पुढं चाल. मागच्यालेच धरते वाघ.”

“अन् तू?”

“मी मागं आहो न. व्हय पुढं, येतो मी.”

मी चालू लागले. थोड्या वेळानं मागे तिची पावलं ऐकू आली. माझी पेटी जड होती. जरा धर म्हटलं तर “तुह्यं वझं तूच घे,” म्हणाली. मला वाईट वाटलं. पुढे ती बोललीच नाही, नुसता जोरजोरात श्वास ऐकू येत होता. दमली असेल, असं मला वाटलं.

बस आली. कंडक्टर घाई करत होता. मी चढले, खिडकीतून पाहिलं. बाईनं निरोपाला हात वर केला, तर दोन्ही हात एकदमच वर गेले. पदर घसरला. दोन्ही मनगटं पळसाच्या दोरानं एकत्र बांधलेली होती. गाठ दातानं आवळलेली. दोर माझ्याच चावलेल्या वाखाचा होता. भोवतीची कातडी सोलून निघाली होती, नखं काळी पडली होती, आणि डावा डोळा बारीक करून ती हसत होती.

तिचं कधीच उतरलं नव्हतं. इतकी वर्षं ती माझ्यासाठी उतरल्यासारखी राहिली होती.

वसतिगृहात मी मुळं चघळायची म्हणून मुली मला ‘उंदीर’ म्हणत. त्यांच्या डब्यातलं मी सगळं खाल्लं. कुणाला ओरखडाही काढला नाही. शेवटच्या वर्षी, मोहाच्या हंगामात बाबांचा फोन आला. “बाई गेली,” ते म्हणाले. ‘गेली’ म्हणाले, म्हणून मी काही विचारलं नाही. आमच्या घरातला पदवीचा पहिला कागद मी घेऊन आले तेव्हा तो जिला दाखवायचा ती नव्हती.

आता मी वरोऱ्याला शाळेत शिकवते. हिरड्या अजून शिवशिवतात. सुट्टीत गावी जाताना डांबरी रस्त्यावर उतरते, मामा डोक्यामागे बांधते आणि त्या वाटेला लागते. थोडं आत गेलं की मागे पाचोळा वाजतो. जड पाऊल, ओळखीचा श्वास. मी मोठ्यानं बोलू लागते. वर्गातल्या कुणी पाढे चुकवले, काकूचे गुडघे कसे आहेत, आईनं या वर्षी किती आंबील घातली. आवाज थांबत नाही, जवळही येत नाही. मिशीवाला तिच्याकडे बघत असतो. मी मागे वळत नाही. फक्त पेटी हातात घेऊन हळू चालते, तिला सगळं ऐकू जाईल इतकं हळू.