चहाचा कप कोणी धुतला

सिरीयलमधल्या कपात चहा नसतो. हे एकदा लक्षात आलं की मग दुसरं काही दिसतच नाही. सून ट्रे घेऊन येते, ट्रेमध्ये सहा कप, आणि ती अशी गर्रकन वळते की खरा चहा असता तर सगळा सासऱ्याच्या मांडीवर गेला असता. सासरा कप तोंडाला लावतो, गिळल्यासारखं करतो आणि लगेच घराण्याच्या इज्जतीवर येतो. गरम चहाचा घोट घेतल्यावर माणूस एवढ्या लवकर इज्जतीवर येत नाही. आधी फू करतो.

हे सगळं मी घरातच बोलते. बाहेर माझं तोंड उघडत नाही. ह्यांची नोकरी केंद्र सरकारची, त्यामुळे दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये येऊन बरीच वर्षं झाली, पण भाजीवाल्याला मी अजून बोटानंच दाखवते. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला दाराजवळची खुर्ची धरते, म्हणजे कोणाला न सांगता निघता येतं. टीव्हीसमोर मात्र मी कोणाला सोडत नाही. टीव्ही उलटून बोलत नाही ना.

"झालं सुरू," हे म्हणतात. "तिकडे डायरेक्टरला उचकी लागली असेल."

आमची लेक म्हणते, "आई यार, स्टोरी बघ ना. कप काय बघत बसतेस?"

"स्टोरी कळली मला. मोठी जाऊ दुष्ट आहे. ते सोमवारीच कळलं. आज शुक्रवार. आता कपच बघायचे राहिलेत."

मोठ्या सिनेमांचं तर विचारूच नका. त्यात सगळं खूप असतं. एका हीरोला मारायला चाळीस माणसं येतात, पण मारायला पुढे एकच येतो. बाकीचे एकोणचाळीस सरकारी दवाखान्यात नंबर लावल्यासारखे उभे राहतात. पहिल्याचं आटोपलं की दुसरा आत. मग मोटारी उडतात, अख्ख्या बाजाराच्या काचा फुटतात, आणि हीरो काळा चष्मा लावून निघून जातो. लोक थिएटरात शिट्ट्या मारतात. माझ्या मनात एकच येतं, एवढी काच झाडणार कोण? डायरेक्टरनं एकदा तरी दुसऱ्या दिवशीची सकाळ दाखवावी. कोणीतरी बाई केरसुणी घेऊन येतेच ना तिथे.

आणि मराठी बाई दाखवायची असली की हिंदीवाल्यांना काय होतं कोण जाणे. ती साध्या मंगळवारी नथ घालून भेंडी चिरते. मी एकदा नथ घालून चिरून बघितली. दर दोन मिनिटांनी हात नाकाकडे जातो, भेंडीचा चिकट हात. नथ काढून ठेवली, ती सापडायला दोन दिवस लागले. तेवढे दिवस लेक मला "मराठी मुलगी बघा" म्हणून चिडवत होती.

पण सगळेच डायरेक्टर वाईट नसतात. असल्याच एका धडाड-धूम सिनेमात एक जागा होती. हीरोची आई कणीक मळत असते, दारात पोस्टमन येतो. ती पत्र घ्यायला हात पुढे करते, मग तो मागे घेते, पदराला पुसते आणि मग पत्र घेते. एवढंच. पुढे तीन तास काय झालं ते मी विसरले, पण ते हात पुसणं अजून डोळ्यासमोर आहे. मी तेव्हाच ह्यांना म्हटलं, "ह्या माणसानं आपल्या आईला स्वयंपाक करताना नीट बघितलंय."

लेकीनं ते ऐकलं असावं. कारण ह्या उन्हाळ्यात बीए झाल्यावर ती म्हणाली, मला सिनेमा करायला शिकायचंय, एक कोर्स आहे, त्याला पाच मिनिटांची फिल्म पाठवावी लागते.

आमच्या क्वार्टरमध्ये असं कोणी म्हणत नाही. इथे मुलं सरकारी परीक्षेच्या क्लासला जातात. ह्यांनी क्लासचं पत्रक आधीच आणून ठेवलं होतं. ते तिच्यापुढे ठेवून म्हणाले, "फिल्म कर. बिल्कुल कर. त्या लोकांनी घेतलं तर माझी ना नाही. पण नाही घेतलं तर जुलैपासून क्लास. मग कुरकूर नको."

"चलो, डन," लेक म्हणाली. पण रात्री जेवताना तिनं एकच पोळी खाल्ली.

फिल्म सोमवारी सकाळपर्यंत पाठवायची होती आणि कॅमेरा मिळाला रविवारचा. तिच्याबरोबर शिकणारा एक मुलगा गाझियाबादहून तो घेऊन आला. कॅमेरा त्याच्या मामाचा. मामा लग्नांचे व्हिडिओ काढतो, आणि संध्याकाळी त्याला एका वरातीला जायचं होतं. म्हणून पाच वाजता कॅमेरा परत निघणार म्हणजे निघणार. दिल्लीतल्याच द्वारकेहून एक मैत्रीण आली, ती फिल्ममधली मुलगी. आणि आई कोण, तर मी.

मी शेजारी जाऊन बसायची तयारी केली होती. लेकीनं दार अडवलं. "फक्त हात गं आई. तोंड दिसणार नाही, आवाज येणार नाही. तू पोळ्या कर, बस."

गोष्ट साधीच होती. एका मुलीला लांबच्या गावी नोकरी लागलीय आणि ते आईला सांगायचंय. आई पाठमोरी पोळ्या लाटतेय. मुलगी ओट्याला टेकून चहा पिते, बोलायला तोंड उघडते, परत मिटते. अर्धा चहा तसाच ठेवून निघून जाते. मग आईचा हात येतो आणि तो कप उचलतो. संपली फिल्म.

मी लेकीला हळूच विचारलं, "कपात चहा खरा ना?"

"तुझ्या घरात खोटा चहा ठेवायची माझी हिंमत आहे का?"

सकाळभर काम चाललं. आवाज नको म्हणून पंखे बंद, बाहेर दिल्लीचा जून. माझ्या कपाळावरचा घाम पोळपाटावर पडायला लागला. लेक सारखी म्हणायची, "आई, हळू लाट." आता पोळी हळू लाटली की पोळपाटाला चिकटते, हे कुठल्याच डायरेक्टरला माहीत नसतं. माझ्या पोटच्या पोरीलाही नव्हतं. चार पोळ्या चिकटल्यावर मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "अच्छा, तुझ्या स्पीडनं लाट." पण दिवसभर बघून मला एक कळलं. डायरेक्टरला एका वेळी दहा ठिकाणी बघावं लागतं. एकटा कप बघत बसायला त्याला सवड नसते. ती सवड मला होती.

दुपारी दीडला सगळं झालं, फक्त शेवटचा कप उचलायचा राहिला. लेक म्हणाली, आधी जेवून घेऊ. मी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत वाढलं. पोळ्या होत्याच. पोरं जेवली, जरा आडवी झाली. मी मोकळी झाले आणि स्वयंपाकघरात गेले.

तिथे काय केलं ते मला सांगताही येत नाही, कारण ते मी केलंच नाही, हातांनी केलं. जेवणं झाली की ओटा आवरायचा. लहानपणापासून ह्या हातांना दुसरं माहीत नाही. कणीक सांडली होती ती पुसली. पोळपाट-लाटणं धुतलं, पिठाचा डबा वर ठेवला, ओट्यावरून ओलं फडकं फिरवलं, मग कोरडं. आणि तो अर्ध्या चहाचा कप, ज्यावर छान साय धरली होती, तो घासून, विसळून जाळीत पालथा घातला.

तीन वाजता लेक उठून आत आली. दारातच थांबली.

"आई. कप कुठंय?"

"जाळीत," मी म्हटलं, आणि म्हणतानाच काय करून बसले ते मला कळलं.

कॅमेऱ्याचा मुलगा तिच्या मागून डोकावला. आधी त्यानं ओटा बघितला, मग मला. "आंटी ने तो पूरा सीन ही धो दिया."

त्याला हसू आलं होतं, पण लेकीकडे बघून त्यानं ते गिळलं. ती तिथेच फरशीवर बसली. सकाळच्या प्रत्येक शॉटमध्ये तो पसारा होता. मुलगी पसारा सोडून बाहेर जाणार आणि दुसऱ्याच क्षणी ओटा लखलखीत. ज्या चुकीला मी आयुष्यभर हसत आले, ती माझ्याच घरात, माझ्याच हातानं झाली होती.

आवाज ऐकून हे आले. सगळं समजून घेतलं आणि नको तेव्हा म्हणाले, "मग क्लासला नाव घालू?"

"बाबा, प्लीज," लेक म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की हे लगेच वर्तमानपत्र घेऊन परत गेले.

मुलानं कॅमेऱ्यावर सकाळचं चालवून बघितलं. पण त्याचा पडदा हातात मावेल एवढा. मागचा कप त्यात नखाएवढा, धूसर. "यार, हैंडल किधर था? दाएँ या बाएँ?" द्वारकेची मैत्रीण म्हणाली, उजवीकडे. लेक म्हणाली, डावीकडे.

"खिडकीकडे," मी म्हणाले.

तिघंही वळून माझ्याकडे बघायला लागली. एरवी मी तिथेच थांबले असते. पण सव्वातीन वाजून गेले होते आणि पोर फरशीवर बसली होती.

"कान खिड़की की तरफ था," मी हिंदीत म्हटलं. कपाला मराठीसारखा हिंदीतही कान असतो की नाही, मला माहीत नव्हतं. पण मुलानं मान हलवली. मग मी थांबलेच नाही. कपावर जे फूल आहे, चहा त्या फुलाच्या देठापर्यंत होता. साय मैत्रिणीच्या बाजूला चिकटली होती, कारण ती त्या बाजूनं प्यायली. बिस्किटाचे तीन तुकडे, दोन जवळ, एक लांब. कणीक पोळपाटाच्या उजव्या अंगाला सांडलेली, आणि त्यात मैत्रिणीनं विचार करता करता बोटानं एक रेघ ओढली होती. चमचा पालथा. डब्यात सात पोळ्या, वरच्या पोळीवर कडेला काळा डाग.

"ती पोळी मी खाल्ली," लेक म्हणाली. ती आता उभी राहिली होती.

"मग परत करते. डाग पाडायला काय लागतं? तुझ्याकडे बघत बसलं की पोळी जळतेच."

मी परत कणीक भिजवली. मैत्रिणीनं पिठात रेघ ओढली. पहिली सरळ आली, तशी मी म्हटलं, "नहीं बेटा, थोड़ी टेढ़ी थी, तू सोच में थी." तिनं बोट पुसून परत ओढली. चहा केला, देठापर्यंत ओतला. सगळं जुळलं, राहिली फक्त साय. सायीला कोणी घाई करू शकत नाही. आम्ही चौघं त्या कपाभोवती घामानं निथळत उभे होतो. मुलगा म्हणाला, "आज तक किसी दुल्हन का इतना इंतज़ार नहीं किया."

सव्वाचार झाले तेव्हा साय धरली. लेक म्हणाली, "आता आई, हात हळूच आण, कपाला हलकेच लाव, जसं काही..."

"अशी कोणी उष्टा कप उचलत नाही," मी म्हटलं.

"मग कशी उचलते?"

मी जरा विचार केला. ह्याचा मी कधी विचार केला नव्हता. "आधी किती राहिलाय ते बघते. जास्त राहिला असेल तर पोरीचं काहीतरी बिनसलंय."

लेकीनं दाखवायला पुढे केलेला आपला हात मागे घेतला. मग म्हणाली, "तसंच कर."

मी तसंच केलं. कपाच्या कानात बोट घालून तो जरासा तिरपा केला, साय एका अंगाला सरकली, हात थांबला, आणि मग उचलला. एकदाच. पाचला दहा कमी असताना कॅमेरा गाझियाबादला निघाला.

सोमवारी सकाळी फिल्म पाठवायच्या आधी लेकीनं ती आम्हाला टीव्हीवर दाखवली. हे चष्मा लावून बसले होते. संपल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "चहा खरा होता?"

"खरा होता."

"मग ठीक आहे," हे म्हणाले आणि ऑफिसला जायला उठले.

मला मात्र एक दिसलं. मुलगी कप ठेवून वळते तेव्हा फ्रिजच्या वरचं भिंतीवरचं घड्याळ दिसतं, त्यात साडेअकरा. हात येतो तेव्हा त्याच घड्याळाचा कोपरा दिसतो, आणि काटा पाचाकडे निघालेला. बिस्किटाचे तुकडे मोजणाऱ्या मला डोक्यावरचं घड्याळ दिसलं नव्हतं. सांगून काय करणार? कॅमेरा वरातीला गेला होता. पहिल्यांदाच मी डायरेक्टरची चूक पोटात ठेवली.

तीन आठवड्यांनी तिला मुलाखतीला बोलावलं. घरी आली ती हसतच.

"आई, त्यांनी पहिलंच विचारलं, कप उचलायच्या आधी तिरपा केला, ते कोणाचं डोकं? मी म्हटलं, आईचं."

मी पदराशी चाळा करत राहिले.

"आणि दुसरं विचारलं, घड्याळ कसं काय पळालं?"

माझा पदर हातातच राहिला. "मग?"

"मी म्हटलं, आमच्या स्वयंपाकघरात आईचा हात पोचत नाही अशी ती एकच वस्तू आहे. सगळे इतके हसले ना, एकजण तर म्हणाला, माझ्या आईचंही असंच होतं."

यादीत तिचं नाव लागलं त्या दिवशी ह्यांनी क्लासच्या पत्रकाच्या चार घड्या घातल्या आणि स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवल्या. दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर गेल्यावर मी त्याच स्टुलावर चढले आणि ते घड्याळ उतरवून पुसलं.