दुरुस्तीचा हक्क

"कवाची गोष्ट?" हा काकाजींचा पहिला प्रश्न असायचा. पाटाला पाणी सुटलं म्हणून कोणी धापा टाकत सांगायला आलं, तरी ते आधी विचारायचे, "कवाची गोष्ट? आजची का कालची?" लग्नपत्रिका हातात आली की त्यांचं बोट नवरानवरीच्या नावाआधी तारखेवर जायचं. मोबाईलवर आलेल्या बिनतारखेच्या बातमीला ते "बेवारस" म्हणत.

इटियाडोह धरणाच्या कालव्याला आमच्याकडे पाट म्हणतात. त्या पाटावर त्यांनी तीस वर्षं पाटकऱ्याची नोकरी केली. गेट उघडायचं, बंद करायचं, सायकलवरून पाणी कुठवर पोचलं ते पाहायचं. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, पण पाहणं सुटलं नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पगार थांबला हे ज्यांच्या पायांना कळतच नाही.

मी गावच्या शाळेत संगणक शिकवते. एका दुपारी ते थेट माझ्या वर्गात आले.

"बाई, मले एक ब्लॉग काढून द्या."

मी म्हटलं, "काकाजी, त्यापेक्षा व्हॉट्सॲपचा ग्रुप करा ना. सगळ्यांना लगेच कळेल."

"गुरुपवर टाकलं की ते कुठं कुठं जाते, मले समजत नाही. मंग चुकलं त मी कोणाकोणाच्या मोबाईलमंदी जाऊन दुरुस्त करू?"

तेव्हा मला हा म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटला होता.

ब्लॉग सुरू झाला. एका बोटाने ते टाइप करत. "आज सकाळी सहाले पाट पाहिला. पाणी पुलाच्या पुढं गेलं. शेवटच्या गावाले पोचाले दोन दिवस लागतील. हा अंदाज माझा आहे, सरकारचा नाही." एवढंच. खाली वाकडातिकडा फोटो. अंदाज चुकला तर जुना मजकूर ते पुसत नसत. त्याच्या डोक्यावर लिहीत, "काल मी चुकलो. आता असं आहे."

"पुसून टाका ना," मी एकदा म्हटलं.

"काऊन? ज्यानं काल वाचलं, त्याले समजाले नको, का मी बदललो म्हणून?"

हळूहळू शेवटच्या गावांपर्यंतचे लोक ब्लॉग पाहू लागले. पाटबंधारे कार्यालयातल्या एका तरुण साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. पाण्याची माहिती देण्याचा अधिकार कार्यालयाचा आहे, असं समजावलं. काकाजी म्हणाले, "पाणी तुमीच सोडा साहेब. मी फक्त पाहून राहिलो." साहेब हसले आणि त्यांनी चहा मागवला. पुढे तेही ब्लॉग वाचत, असं ऐकलं.

मग एका वर्षी रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत पावसाने ओढ दिली आणि सगळे पाटाच्या पाण्याकडे डोळे लावून बसले. काकाजींनी सकाळी लिहिलं, "उद्या पाणी शेवटच्या गावाले पोचंल." दुपारी मधेच पाट फुटला. उन्हात सायकल दामटत जाऊन त्यांनी ते पाहिलं आणि तिथूनच ब्लॉगवर टाकलं, "थांबा. पाट फुटला. पाणी येणार नाही. परे काढू नका." परे म्हणजे धानाची रोपं. एकदा उपटली की ती फार काळ टिकत नाहीत.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या गावची कल्पनाबाई त्यांच्या दारात आली. मी तिथेच होते. तिच्या हातात सुकलेल्या परांची पेंडी होती. ती तिने ओट्यावर ठेवली.

"काकाजी, आठ बाया लावून परे काढले. बांधीत टिपूसभर पाणी नाही. तुमचंच नाव आहे इथं, वाचा."

तिच्या मुलीच्या मोबाईलवर एक बातम्यांची वेबसाईट उघडी होती. वर मोठा मथळा, "किसानों के लिए खुशखबर". खाली काकाजींचा सकाळचा मजकूर जसाच्या तसा. तारीख नव्हती. दुपारची दुरुस्ती नव्हती. त्यांचं नाव मात्र होतं.

हे मी नाही टाकलं, असं ते म्हणू शकले असते. ते खरंच होतं. पण ते उठले. आत जाऊन त्यांनी सदरा चढवला आणि कल्पनाबाईसोबत निघाले. ज्यांची रोवणी आटोपली होती त्यांच्या दारी जाऊन उरलेले परे मागितले. स्वतःच्या बांधीतले, म्हणजे धानाच्या वाफ्यातलेही दिले. पाट दुरुस्त होऊन पाणी आलं, तेव्हा तिची रोवणी उशिरा का होईना, झाली.

नंतर ते माझ्याकडे आले. "आता त्या वेबसाईटवाल्याले फोन लावा."

पलीकडचा माणूस गोड बोलत होता. "अंकलजी, नेट पे डाला तो सबका हो गया. आपका नाम तो दिया है! फ्री में पब्लिसिटी हो रही है."

"मले नाव नाही पायजे," काकाजी म्हणाले. "एक त काढून टाका. नाही त मी दुरुस्त केलं का तुमचंबी दुरुस्त झालं पायजे. माझी चूक तुमच्या घरात ठेवून मले कुलूप लावता काय?"

त्याने काकाजींना "विशेष प्रतिनिधी" करतो म्हटलं. काकाजींनी फोन माझ्या हातात दिला.

आम्ही लेखी तक्रार केली. आठवडाभरात उलटंच घडलं. काकाजींनीच आपला मजकूर चोरून ब्लॉगवर टाकला, अशी तक्रार त्या वेबसाईटने करून टाकली. ब्लॉगची सोय पुरवणाऱ्या कंपनीने काकाजींचा ब्लॉग बंद केला. स्वतःच्याच पाटाबद्दल लिहायला बंदी! मला रडू आलं. सोडून द्या म्हणाले मी.

"सोडू कसं? लोक तिथं वाचूनच राहिले."

मूळ मजकूर कोणाचा, याचा पुरावा हवा होता. त्या वेबसाईटवरच्या सगळ्या नकला मी एकेक करून वाचू लागले आणि एका जागी थांबले. "हमारे विशेष संवाददाता" या नावाखाली पाण्याच्या बातमीच्या शेवटी छापलं होतं, "बाई, फोटो आडवा काऊन झाला?"

तो प्रश्न मला होता! काकाजींनी कधीतरी चुकून ब्लॉगवरच विचारला होता आणि तसाच राहून गेला होता. मी मोठ्याने वाचून दाखवल्यावर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आता सांगा म्हणा त्यांच्या संवाददात्याले, कोण बाई ते!"

तेवढा पुरावा पुरला. ब्लॉग पुन्हा सुरू झाला, तिथल्या नकला उतरल्या. दुसऱ्या दोन-तीन ठिकाणी कोणी कोणी अजून उचलतच होतं. काकाजी प्रत्येकाला पत्र लिहीत. काही ऐकत, काही नाही. ते थकले नाहीत, हे मी जवळून पाहिलं.

गेल्या हिवाळ्यात ते आजारी पडले. मी भेटायला गेले तेव्हा बोलताना दम लागत होता. त्यांनी मला ब्लॉगचा पासवर्ड सांगितला. मला वाटलं, पुढे चालवा म्हणतील.

"बाई, मी गेलो का वरतं लिवून टाका, का मी नाही म्हणून. माझे पोट्टे त बंद करून टाकू म्हणतात. बंद नका करू, जुनं पाहाले कामी पडते. पण लोक जुनंच आजचं समजून परे काढतील."

ते गेले. तेराव्यानंतर मी लिहायला बसले. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी तीनच वाक्यं टाकली, वर तारीख घालून. "हा ब्लॉग लिहिणारे काकाजी आता नाहीत. खालची सगळी माहिती जुनी आहे. त्यावर विसंबून रोवणी करू नका."

दुसऱ्या दिवशी कल्पनाबाईचा फोन आला.

"बाई, वाचलं जी मी." मग म्हणाली, "आता पाण्याचं कोणाले विचाराचं?"

मलाही माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. तिने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. तिच्या बाजूने कुठेतरी बैलांच्या घंटा वाजत होत्या.