मुळाला ऐकू येतं

जऊळका स्टेशनवर उतरून रूळ ओलांडले आणि अर्धा कोस चाललं, की बंजाऱ्यांचा एक तांडा लागतो. तिथल्या फुलसिंग आडेची निता हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहे. पेशी एकमेकींना निरोप कसे देतात आणि त्यात प्रथिनं काय काम करतात, हा तिचा विषय. तांड्यात कुणाला विचारलं तर मात्र एवढंच सांगतात, "निता ना? ते मुळं पाह्यते." आणि ते खरंही आहे.

या मुळांचं वेड तिला नववीत लागलं. श्रावणातला रविवार होता. याडीबरोबर, म्हणजे आई जमनाबाईबरोबर, ती सोयाबीन निंदायला गेली होती. तण उपटता उपटता सोयाबीनचंच एक झाड मुळासकट हातात आलं. याडीला दिसू नये म्हणून ती ते धुऱ्याच्या बांधाआड टाकायला गेली आणि तिची नजर मुळांवर पडली. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठीच गाठी. तिला वाटलं, झाडाला रोग झाला. संध्याकाळी बापाला दाखवलं, तर फुलसिंग म्हणाला की गाठी असल्या म्हणजे पीक चांगलं, नसल्या म्हणजे पिवळं पडतं. का, ते त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलंही नव्हतं.

सोमवारी निता ते झाड वर्तमानपत्रात गुंडाळून शाळेत घेऊन गेली. विज्ञान शिकवायला सुकेशनी मॅडम होत्या. रिठदच्या, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. त्यांनी ब्लेडनं एक गाठ मधोमध चिरली आणि तिच्यापुढे धरली. आतून लालभडक.

"रगत आहे, मॅडम?"

"रगताले जे लाल करते ना, त्याचं चुलत भावंड आहे हे. प्रथिन. तुह्या अंगात आहे तसंच या झाडाच्या गाठीत आहे."

निता गाठीकडे पाहत राहिली. मॅडमनी पुढचंही सांगितलं. या गाठीत मातीतले जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं. वर्गातल्या बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. निताला मात्र एक गोष्ट कळेना. मातीत जिवाणू तर हजार जातींचे असतात. त्यातल्या याच एका जातीला घरात घ्यायचं, हे झाडाला कळतं कसं?

सुकेशनी मॅडमनी हातातला खडू टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "हे मले नाही माहीत. पुस्तकातबी नाही. ज्याले माहीत असन, त्यालेच जाऊन इचारावं लागन."

शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून ‘मला माहीत नाही’ असं निता पहिल्यांदाच ऐकत होती. उत्तरापेक्षा तिला ते जास्त मोठं वाटलं. इतकी साधी गोष्ट, पायाखालची, आणि ती पुस्तकातसुद्धा नाही!

दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले, की निता कमलीबाई आत्याकडे राहून शाळा करायची. बारावी झाली. वाशिमला पॅसेंजरनं जाऊन-येऊन बी.एस्सी. झाली, अमरावतीला एम.एस्सी. झाली. मग राष्ट्रीय परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळाली आणि हैदराबादची संस्था मिळाली. तिथं ‘पेशीवर’ काम करायचं आहे, असं तिनं घरी सांगितलं तेव्हा फुलसिंग गंभीर झाला. त्याच्या लेखी पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. कोणाच्या भानगडीत पडलीस, म्हणून तो दोन दिवस तिला विचारत होता.

हैदराबादेत ‘ज्याले माहीत असन’ ते भेटले. तिचे गाइड संगमेश्वर सर वीस वर्षं हाच प्रश्न घेऊन बसले होते. त्यांच्याकडून तिला कळलं, की झाडाला नत्र कमी पडला की मूळ मातीत एक द्रव्य सोडतं. ते म्हणजे झाडाची हाक. मातीतल्या हजार जातींपैकी ज्या जातीला ती हाक कळते, ती आपलं एक द्रव्य सोडून ओ देते. मुळावर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक केस असतात. त्या केसाच्या अंगावर काही प्रथिनं कानासारखी बसलेली असतात. ओ ओळखीची निघाली, तर निरोप पेशीच्या गाभ्यात जातो, केस आकड्यासारखा वळतो आणि त्या जिवाणूला कवेत घेऊन आत नेतो. ओ परकी असली, तर काहीच होत नाही.

हे सगळं तिनं वाचलं, पाठ केलं, परीक्षेत लिहिलं. पण दुसऱ्या वर्षी एका मंगळवारी सरांनी तिला सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत बसवलं, त्या दिवशी तिला ते खरं वाटलं. पेशीत निरोप पोचला की गाभ्यातलं कॅल्शियम वरखाली होतं. ते दिसावं म्हणून मुळात एक चमकणारं प्रथिन घातलेलं होतं. मूळचं ते समुद्रातल्या जेलीफिशचं. पडद्यावर मुळाचा एक केस होता, काचेच्या नळीसारखा, आणि आत गाभ्याचा अंधूक ठिपका. सरांनी जिवाणूच्या द्रव्याचा एक थेंब सोडला.

दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग ठिपका उजळला आणि मावळला. निताला वाटलं, आपल्याच डोळ्यांची पापणी लवली. दीड मिनिटानं तो पुन्हा उजळला. पुन्हा दीड मिनिटानं. शेजारच्या केसातही सुरू झालं, त्याची लय थोडी वेगळी. बघता बघता सारं मूळ लुकलुकायला लागलं. निता मोजत बसली. तेवीसपर्यंत मोजलं आणि मोजणं विसरली. ज्याला डोळा नाही, कान नाही, त्या मुळानं ऐकलं होतं, आणि ऐकल्याचं आत कुठंतरी चाललेलं ती उघड्या डोळ्यांनी बघत होती. सर कधी उठून गेले ते तिला कळलं नाही. जेवायची वेळ टळून गेली होती. बाहेर आली तेव्हा बागेतल्या साध्या हिरवळीवर पाय द्यायला तिला संकोच वाटला आणि ती कडेकडेनं वसतिगृहावर गेली.

तिचं स्वतःचं काम मात्र इतक्या सहज उजळलं नाही. कानासारख्या प्रथिनाला चिकटून आणखी कोण कोण असतं, हे ती गळ टाकल्यासारखं शोधत होती. दर वेळी गळाला एक अनोळखी प्रथिन लागायचं. त्याला नंबर होता, नाव नव्हतं. निता वहीत त्याला ‘गंगू’ म्हणायला लागली. गंगू त्यांची शेळी होती, याडीच्या लुगड्याला तोंड लावून दिवसभर मागे मागे फिरायची. हे प्रथिनही तसंच कानाच्या मागे मागे. याच्याशिवाय झाडाला ऐकूच येत नसणार, असा तिचा पक्का समज झाला. तिनं गंगूचं जनुक काढून टाकलेली झाडं तयार केली. त्यात तीन वर्षं गेली.

त्या झाडांना गाठी आल्या. भरपूर, टपोऱ्या, आतून लालभडक. म्हणजे गंगू असली काय आणि नसली काय, झाडाला काही फरक पडत नव्हता.

निता चार दिवस त्याच गाठी पुन्हा पुन्हा मोजत बसली. सरांनी तिला समजावलं की ‘हे नाही’ एवढं सिद्ध करणं हासुद्धा प्रबंधच असतो, लिहून टाक आणि मोकळी हो. ती हो म्हणाली आणि तीजेच्या सणासाठी गावी आली.

तांड्यात तीज लागली होती, पोरींनी टोपल्यांत गहू पेरले होते, गाणी चालली होती. पण पावसानं बावीस दिवस पाठ फिरवली होती. जमनाबाईनं बोलता बोलता सांगितलं की यंदा वरच्या पट्टीत मुळाले गाठीच नाही, नुसते सुतळीसारखे मुळं. शेजारी पेरलेल्या दुसऱ्या वाणाला मात्र थोड्याफार आहेत, एकाच मातीत. निताला आधी त्यात विशेष वाटलं नाही. दुपारी ती वावरात गेली. झाड उपटलं, मूळ पाहिलं आणि माती हातात घेतली, तर चटका बसला.

ती तशीच शाळेत गेली. सुकेशनी मॅडम आता मुख्याध्यापिका झाल्या होत्या. त्यांच्याकडून तिनं प्रयोगशाळेतला थर्मामीटर मागून आणला आणि चार बोटं खोल मातीत खोवून धुऱ्यावर बसली. पारा एकोणचाळीसवर जाऊन थांबला. हैदराबादच्या काचेच्या कपाटात तिची झाडं पाच वर्षं पंचवीस अंशांवर वाढत होती, बारा महिने, एक अंश इकडे नाही की तिकडे नाही. तिनं वही काढली आणि पारा पुन्हा पाहून घेतला.

परत गेल्यावर तिनं सरांकडे सहा महिने मागून घेतले. कपाट तापवलं, सदतीस अंशांवर ठेवलं. एका ओळीत साधी झाडं, दुसऱ्या ओळीत गंगू नसलेली. साध्या झाडांना गाठी कमी आल्या, पण आल्या. दुसऱ्या ओळीत एकही नाही. मग ती मुळं घेऊन सूक्ष्मदर्शकाशी बसली. साध्या मुळातला उजेड उष्णतेत मंदावला होता. दीड मिनिटाऐवजी तीन मिनिटं लागत होती, पण तो थांबला नव्हता. गंगू नसलेल्या मुळात नुसता काळोख. उष्णतेनं कानाचं प्रथिन विस्कटायला लागतं तेव्हा गंगू त्याला टेकू देऊन उभी असते, हे पुढं वर्षभरात सिद्ध झालं. गारव्यात तिची गरजच पडत नाही. म्हणून तर ती पंचवीस अंशांवर कुणाला दिसली नव्हती.

सरांनी तो काळा पडदा बराच वेळ पाहिला. मग वहीतल्या ‘गंगू’ शब्दावर बोट ठेवून हे नाव तसंच छापायला पाठवू म्हणाले. तसंच छापलंही गेलं.

पुढं निताला त्याच संस्थेत नोकरी मिळाली, स्वतःची छोटी प्रयोगशाळा मिळाली. गंगू जास्त भक्कम असलेले वाण कुठं सापडतात का, ते ती आता शोधते. त्यातून शेतात अजून काही आलेलं नाही, यायला किती वर्षं लागतील तेही ती सांगू शकत नाही. फुलसिंगनं एकदा विचारलं होतं. तिनं खरं ते सांगितलं आणि तो बरं म्हणाला.

गेल्या वर्षी वाशिमहून गाडी पकडून जमनाबाई एकटीच हैदराबादला आली. निता तिला सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत घेऊन गेली, दिवे मालवले, थेंब सोडला. जमनाबाई स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसली. पहिला ठिपका उजळला, मावळला. चौथ्यांदा उजळला तेव्हा तिनं हळूच विचारलं, "हे आपल्या वावरातबी होते?"

"हो, याडी."

"आत्ता? या घडीले?"

"हो. आता तर पीक उभंच आहे."

"एका झाडाले असे केस किती?"

"लाखानं असतीन."

जमनाबाईनं पडद्यावरून नजर काढली नाही. तिच्या मनात किती झाडं आणि किती वावरं फिरून गेली असतील, कोण जाणे. चाळीस वर्षं ती त्या मातीवर चालली होती, वाकली होती, तिथंच बसून भाकर खाल्ली होती. मग ती म्हणाली, "अन् आमाले वाटे, खाली सारं मुकं आहे."

इतक्यात दार वाजलं. पुढची वेळ दुसऱ्या एका विद्यार्थ्यानं घेतलेली होती, निताला जागा सोडायची होती. हा काय पाहतो, असं जमनाबाईनं विचारलं. उंदराच्या मेंदूतल्या पेशी, निता म्हणाली.

"त्याबी अशाच लुकलुकतात?"

"त्याबी. तेच कॅल्शियम. तुह्यात आहे, माह्यात आहे."

जमनाबाईनं स्टूल थोडं बाजूला सरकवलं, त्या मुलाला जागा करून दिली आणि पुन्हा बसली.

"सांग त्याले," ती म्हणाली, "मी काही बोलत नाही. मले पाहू दे फक्त."