पवनीहून आणलेलं भिंग

मला स्वस्थ बसता येत नाही. जुने स्टिरिओस्कोप जमवायला लागल्यापासून तर अजिबातच नाही. एका कार्डावर शेजारी शेजारी दोन सारखेच फोटो असतात. कार्ड लाकडी दांड्यावर अडकवून दोन भिंगांतून पाहिलं की दोन्ही मिळून एकच दिसतो, आणि त्यात खोली येते. झाड पुढे, डोंगर मागे. माझ्याकडे असे सहा आहेत. भिंगाची कड, लाकूड, पत्र्याची नक्षी पाहून कोणता किती जुना ते मी सांगतो. कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

सातवा पवनीला एका विणकर आजींकडे मिळाला, सोबत नदीच्या घाटाचं एक कार्ड. पण भिंग एकच. दुसरं त्यांच्या मागावर होतं, काठाचा तुटलेला धागा शोधायला. मी हावरटासारखा त्याच्याकडेच बघत राहिलो. आजींनी ते काढून माझ्या हातावर ठेवलं.

"न्या भाऊ. पण सुधारलं का मले एकदा दाखवाले आणजा. लहानपणी पाह्यलं होतं."

आठ दिवसांत आणतो म्हणून मी शब्द दिला.

भंडाऱ्याला घरी येऊन बसवायला गेलो तर भिंग बसेना. मागावरच्या कडीसाठी कोणीतरी ते कडेनं घासून लहान केलं होतं. कागदाच्या घड्या घातल्या, सरकवून पाहिलं, पण दोन फोटो दोनच राहिले. आठ दिवसांचे दोन महिने झाले. फोन वाजला की आजींचाच असेल म्हणून मी उठून चकरा मारायला लागायचो.

"काहून घरभर चकरा मारून राहिले?" बायको म्हणाली. "जाऊन सांगून द्या ना त्याईले."

पण मला लाज वाटत होती. एवढा जाणकार मी! शेवटी अक्कल गहाण ठेवली, माझ्याकडचाच तसाच दिसणारा एक उचलला, त्यावर आजींचं कार्ड अडकवलं आणि पवनीची एसटी पकडली.

आजींनी तो डोळ्यांना लावला. "अगा बाई, दिसलं! नदी किती खाली गेली!" माझा जीव भांड्यात पडला. बराच वेळ पाहून झाल्यावर त्यांनी दांड्यावरून बोट फिरवलं.

"हा आमचा नोहे. आमच्या दांड्याले माह्या भावानं दात लावले होते."

दातांचे ते वण मी पाहिले होते. माझ्या नोंदवहीत उंदराचे म्हणून लिहिलेही होते. मग मात्र मी सगळं सांगून टाकलं.

आजी रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. "नाही बसलं तं तेव्हाच आणून द्याचं होतं ना भाऊ. दोन महिन्यांपासून मी बिनकाठाचं विणून राहिली."

मागावर पांढरं कोरं कापड होतं. आल्यापासून मी त्याच्यासमोरच बसलो होतो.

"द्या आता," म्हणत त्यांनी हात पुढे केला.

भिंग मी आणलंच नव्हतं.